होईलसाहेबांचा डच भविष्यकाळ

लग्नाची बोलणी सगळीच्या सगळी भविष्यकाळात होतात, हा शोध होईलसाहेबांना दाढी करता करता लागला. भूतकाळ दोन्ही घरांनी गुपचूप माळ्यावर टाकलेला असतो. वर्तमानकाळ पाहुण्यांना सोफ्यावर बसल्या बसल्या दिसतोच, उसवलेल्या कव्हरासकट. मग बोलायचं काय उरतं? कधी करतील, कुठे राहतील, कसं निभावतील. म्हणजे सबंध डच भाषा शिकायची गरजच नव्हती. तिचा भविष्यकाळ तेवढा आला की काम भागलं! या आनंदात त्यांनी हनुवटी कापून घेतली आणि कापूस चिकटवून ते बायकोला हे सांगायला स्वयंपाकघरात गेले.

"अगं, मी डच शिकणार आहे. पण फक्त भविष्यकाळ."

"आधी गॅस सिलिंडरवाल्याला फोन करा," बायको म्हणाली. "परवापासून 'करीन, करीन' चाललंय. तुमचा मराठीतला भविष्यकाळच अजून पुरा व्हायचाय."

डच मधेच कुठून उपटली, तर मुलीमुळे. दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं आपल्याच कंपनीतल्या एका डच इंजिनिअरशी लग्न ठरवलं होतं. मुलगा एकदा घरी येऊन गेला होता. स्वभावानं गरीब, पण इतका उंच, की बाथरूमच्या चौकटीला त्याचं डोकं जाताना एकदा आणि येताना एकदा आपटलं. तेव्हापासून बायको त्याला उंचोबा म्हणू लागली. आता पुढच्या महिन्यात उंचोबाची आई येणार होती. बाई विधवा, एकटी राहणारी, आणि डचखेरीज तिला दुसरी भाषा फारशी येत नव्हती.

"मी करीन ना भाषांतर, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली होती.

पण होईलसाहेबांना विहीणबाईंना एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो मुलीच्या तोंडून जाऊन चालणार नव्हता. लग्नानंतर ही दोघं राहणार कुठे? इकडे, की तिकडे? मुलीला विचारलं की ती म्हणायची, "बघू हो बाबा." या 'बघू'ची किंमत होईलसाहेबांइतकी कोणाला ठाऊक होती? पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागे त्यांची उभी हयात गेली होती. पाणी येईल का? येईल. पाइप बदलतील का? बदलतील. साहेब, आमचं काम? होईल! हे नाव त्यांना पब्लिकनंच दिलं होतं, आणि हळूहळू ते घरापर्यंत पोचलं होतं. तेव्हा मुलीच्या 'बघू'मागे काहीतरी दडलंय हे त्यांनी व्यवसायाच्या अनुभवानं ओळखलं होतं. अशा मुलीलाच दुभाषी बसवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

ही गोष्ट बिल्डिंगमध्ये पसरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. तळमजल्यावरचे वकील जिन्यातच भेटले. "भविष्यकाळ? सांभाळून," त्यांनी आवाज खाली आणला. "माणूस अडकतो तो भविष्यकाळात. 'केलं' म्हणालात तर पुरावा मागतात. 'करीन' म्हणालात की मात्र बांधले गेलात. माझं ऐका, परक्या भाषेत फक्त भूतकाळ बोलावा."

शेजारचे हवामानकाका याच्या अगदी उलट. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले होते आणि भविष्य या विषयावर आपला मालकी हक्क आहे असं समजत. "कुठल्याही भाषेत 'शक्यता आहे' एवढं शिका. आमची सबंध नोकरी त्या दोन शब्दांवर निघाली. लग्न होण्याची शक्यता आहे. तुरळक ठिकाणी भांडणं होण्याची शक्यता आहे. कोण धरणार तुम्हाला?"

भाषा शिकवणारी एक संस्था बाजारपेठेत, चष्म्याच्या दुकानावर होती. तिथल्या कारकुनानं होईलसाहेबांकडे, ते स्वतः खिडकीबाहेरच्या माणसाकडे ज्या नजरेनं बघत, नेमक्या त्याच नजरेनं पाहिलं.

"डचचा वर्ग तीन विद्यार्थी असल्याशिवाय सुरू होत नाही."

"सध्या किती आहेत?"

"तुम्ही."

"मग कधी सुरू होईल?"

"होईल," कारकून म्हणाला. आपलाच शब्द अंगावर आल्यावर कसं वाटतं, ते होईलसाहेबांना जन्मात पहिल्यांदा कळलं.

शेवटी त्यांनी बायकोला आणि हवामानकाकांना विद्यार्थी केलं. बायको तयार झाली ती वर्गाला एसी आहे म्हणून. काका तयार झाले, कारण त्यांना कोणी कुठे चल म्हणून बऱ्याच वर्षांत विचारलंच नव्हतं. मग कारकुनानं शिकण्याचा उद्देश विचारला. कॉम्प्युटरमध्ये तीनच उद्देश होते: शिक्षण, नोकरी, स्थलांतर.

"विहीणबाई," होईलसाहेब म्हणाले.

"तो नाहीये."

"अहो, पण मला शिक्षणही नको, नोकरीही नको."

"मग स्थलांतर," म्हणत कारकुनानं बटण दाबलंसुद्धा.

शिकवणाऱ्या बाई उत्तम होत्या, पण कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गातल्या खुर्च्या एका रांगेत मांडल्या. "हे डच वाक्य. पहिल्या खुर्चीवर कोणीही बसो, माणूस बसो नाहीतर वेळ बसो. दुसरी खुर्ची क्रियापदाची. ती कोणाला द्यायची नाही. आणि जोडीला आणखी एक क्रियापद आलं, तर ते थेट शेवटच्या खुर्चीत, दाराशी."

होईलसाहेबांना हे पटेना. आपलं क्रियापद म्हणजे घरचा यजमान. सगळ्यांना वाढून झालं की मग शेवटी पानावर बसणारा. हे डच क्रियापद पाहुण्यांच्या आधीच दुसऱ्या पाटावर मांडी ठोकून बसतंय, म्हणजे काय वळण झालं?

उच्चारांनी तर कहर केला. 'उद्या'ला डच लोक 'मोर्खन' म्हणतात. "बरोबरच आहे," बायको म्हणाली, "उद्यावर विसंबणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?" एखादी गोष्ट करायचा बेत असला की 'खान' हे क्रियापद लावायचं, मूळ अर्थ 'जाणे', आणि 'मी'बरोबर त्याचं होतं 'खा'. 'इक खा एटन' म्हणजे 'मी जेवणार आहे.' हे वाक्य होईलसाहेबांनी घरी इतक्यांदा घोकलं, की बायको आतून ओरडली, "ताट वाढून ठेवलंय, मग खा ना! गर्जना कसल्या करताय?" वचन द्यायचं तर 'झल' लावायचं. म्हणजे अजून व्हायचंय, आणि ऐकू येतं 'झालं'. होईलसाहेबांना वाटलं, ही सोय आपल्या कार्यालयात असती तर निम्म्या तक्रारी खिडकीवरच मिटल्या असत्या.

पण खरी अडचण तिसऱ्या प्रकाराची होती.

"एखादी गोष्ट नक्की असेल," बाई म्हणाल्या, "तर डच माणूस सरळ वर्तमानकाळ वापरतो. मोर्खन कोम इक. उद्या येतो मी. बस्स."

"उद्याबद्दल वर्तमानकाळ?" हवामानकाका खुर्चीतून उठलेच. "आमच्या खात्यात असं बोललो असतो तर पेन्शन बसली असती का?"

"आपणही म्हणतोच की काका, 'उद्या येतो'," बाई म्हणाल्या.

"म्हणतो," होईलसाहेब कळवळून म्हणाले, "पण आपण येत नाही ना!"

बाईंनी त्यांना घरचा अभ्यास दिला. दिवसभर मराठी बोलतानासुद्धा क्रियापद दुसऱ्या खुर्चीवर बसवायचं, म्हणजे जिभेला वळण लागतं. होईलसाहेब मुळात आज्ञाधारक विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला म्हणाले, "आज पितो मी चहा बिनसाखरेचा." मग, "आता जातो मी बसनं ऑफिसला." बायकोला आधी वाटलं, नाटकात राजाचं काम मिळालंय. चौथ्या वाक्याला तिनं त्यांच्या तोंडाची एक बाजू वाकडी झालीय का ते निरखून पाहिलं आणि रक्तदाबाची गोळी हातावर ठेवली.

घरात हे खपून गेलं. कार्यालयात नाही खपलं. खिडकीवर कोपऱ्यावरच्या गल्लीतली माणसं आली होती. त्यांच्याकडे नळ कोरडे पडले होते. नेहमीप्रमाणे होईलसाहेबांनी तोंड उघडलं, पण जिभेला नवं वळण लागलेलं. तोंडून बाहेर पडलं ते असं: "उद्या येतं पाणी तुमच्या गल्लीत सकाळी."

माणसं थबकली. एकमेकांकडे पाहायला लागली. एका म्हातारबुवांनी तर हात जोडले. "येतं?"

"येतं," होईलसाहेब म्हणाले. आता व्याकरणातून मागे कसं फिरायचं?

त्या रात्रीच गल्लीनं टाक्या, पिंपं, बादल्या घासून ठेवल्या, एकानं तर पाहुणे बोलावले. सकाळी पाणी आलं नाही. दुपारी सबंध गल्ली कार्यालयात आली. म्हातारबुवा सगळ्यांच्या पुढे होते.

"साहेब, तुम्ही 'येईल' म्हणाला असता तर आम्ही समजून घेतलं असतं! इतकी वर्षं घेतोच आहोत. तुम्ही 'येतं' म्हणालात!"

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. होईलसाहेबांना वाटलं, पाण्याचं विचारतील. ते तर विचारायचंच होतं. पण आधी दुसरंच निघालं.

"तुम्ही देश सोडून चाललात म्हणे? सकाळी त्या भाषेच्या संस्थेतून पत्ता पडताळायला फोन आला होता. उद्देश स्थलांतर. अहो, नोकरीची शेवटची वर्षं राहिली आणि आम्हाला काही सांगायची पद्धत? आणि जायच्या आधी पब्लिकला वाटेल ती आश्वासनं देऊन खुर्ची आमच्या गळ्यात मारून जाणार होय?"

होईलसाहेबांनी विहिणीपासून सुरुवात करून क्रियापदाच्या खुर्चीपर्यंत सगळं सांगितलं. जसजसं सांगत गेले, तसतसं ते स्वतःलाच खोटं वाटू लागलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि गल्लीत पाणी सुटेपर्यंत टँकरबरोबर जातीनं उभं राहायची शिक्षा दिली. होईलसाहेब बाहेर आले तो त्यांच्या टेबलाशी हाताखालचा क्लार्क त्यांच्या खुर्चीवर बसून तिची उंची खालीवर करून पाहत होता.

"सहज बघत होतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी होईलसाहेब टँकरच्या नळीशी चिखलात उभे होते, आणि नेमका त्याच दिवशी वर्गात प्रश्न कसे विचारायचे ते शिकवलं गेलं. घरी आल्यावर पाय धुता धुता त्यांनी बायकोला विचारलं, "आज काय झालं वर्गात?"

"'झुलन'," बायको म्हणाली. "तुमच्या त्या 'झल'चं अनेकवचन. प्रश्नात वापरायचं असलं तर जरा जपून, असं काहीतरी म्हणाल्या बाई. जेवून घ्या, मग सांगते."

पण जेवल्यावर होईलसाहेबांना बसल्या जागी झोप लागली, आणि ते सांगायचं राहून गेलं.

विहीणबाई रविवारी दुपारी जेवायला आल्या. गोऱ्या, सडसडीत, पांढरे केस मागे बांधलेल्या आणि मुलासारख्याच उंच. त्यांनी मात्र दाराची चौकट लांबूनच पाहिली आणि मान वाकवून आत आल्या. उंचोबाचं डोकं आपटलंच. मुलगी कधी नव्हे ती गप्प होती. उंचोबा तिच्याकडे बघे, ती ताटाकडे बघे. होईलसाहेबांचा संशय पक्का झाला.

सूप झालं, आणि त्यांनी ठरवलं, आता बोलायचं. एकदम मूळ मुद्द्याला हात घालायचा नाही. आधी सोपा प्रश्न. लग्न कधी करणार ही दोघं? बाईंनी पुढच्या वर्गात घोटून घेतलेलं वाक्य 'खान' वापरून होतं. पण ऐन वेळी होईलसाहेबांना वाटलं, लग्नासारख्या गंभीर बाबीला वचनाचंच क्रियापद शोभेल. 'वानेर झुलन झे त्राउवन?' कधी, करतील, ती दोघं, लग्न. क्रियापद दुसऱ्या खुर्चीत, दुसरं दाराशी. बिनचूक वाक्य! ते खाकरले, पाण्याचा घोट घेतला आणि उभे राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती.

घोटाळा केला तो पाण्यानं. ठसका लागला आणि 'वानेर' घशातच गेलं. गेलं ते गेलं. पण त्याचा 'व' मात्र ओठांवर अडकून राहिला, आणि 'झुलन झे' अशी झकारांची अडथळ्याची शर्यत पार करताना तो 'झे'मधल्या 'झ'च्या जागी जाऊन बसला. होईलसाहेबांनी विहीणबाईंच्या डोळ्यांत बघत, छातीवर हात ठेवून, खणखणीत आवाजात विचारलं,

"झुलन वे त्राउवन?"

उंचोबाच्या हातातला काटा ताटात पडला. मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. विहीणबाईंनी रुमालानं ओठ टिपले आणि अतिशय सभ्यपणे आधी होईलसाहेबांकडे, मग त्यांच्या बायकोकडे पाहिलं.

बायकोनं पळी खाली ठेवली. "अहो," ती फार शांतपणे म्हणाली, "काय विचारलंत तुम्ही?"

"लग्न कधी करणार, ते."

"'झुलन वे' वाक्याच्या तोंडाशी आलं की त्याचा अर्थ होतो 'करू या का आपण?' तेच शिकवलं त्या दिवशी. तुम्ही यांना विचारलंत, चला, आपण दोघं लग्न करू या का!"

होईलसाहेब बसले. खुर्ची होती तिथे बसले, हे नशीब. कानांच्या पाळ्या भट्टीसारख्या तापल्या. बायको शेजारी, मुलगी समोर, होणारा जावई साक्षीला, आणि आपण भर जेवणात त्याच्या आईला मागणी घातली! वकिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो गुन्ह्याचं कलम सांगत होता.

विहीणबाई डचमध्ये काहीतरी म्हणाल्या. सावकाश, गंभीरपणे.

"काय म्हणाल्या?" होईलसाहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"त्या म्हणताहेत," मुलीचा आवाज हसू दाबल्यामुळे थरथरत होता, "मागणी चांगली आहे, पण आपली ओळख फक्त सुपापर्यंतच झालीय. थोडा वेळ हवा."

आणि मग विहीणबाई हसायला लागल्या. साधंसुधं हसू नव्हे. खांदे गदगदा हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बायकोनं आधी राग धरायचा प्रयत्न केला, पण तिलाही आवरेना. उंचोबा टेबलावर डोकं टेकून हसत होता. सगळ्यात शेवटी होईलसाहेब हसले, आणि अब्रू एकदा पुरती गेली की माणूस किती हलका होतो, ते त्यांना कळलं. त्या हलकेपणाच्या भरात त्यांनी दुसरा प्रश्न विचारून टाकला. अर्धा डचमध्ये, अर्धा हातवाऱ्यांनी. "वार खान झे वोनन?" कुठे राहणार ही दोघं?

हसणं थांबलं. विहीणबाईंनी रुमालानं डोळे पुसले आणि मुलाकडे वळून तोच प्रश्न विचारला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. होईलसाहेबांच्या ध्यानात आलं, बाईंनाही माहीत नाहीये. समुद्र ओलांडून त्यासुद्धा हेच विचारायला आल्या आहेत. मुलगा इकडेच राहिला तर आपलं कसं, या काळजीनं त्यांचीही झोप उडालेली असणार.

मुलीनं उंचोबाचा हात धरला. "आम्ही आजच सांगणार होतो," ती म्हणाली. "आम्हाला दोघांना एकाच ठिकाणी काम मिळालंय. इकडे नाही आणि तिकडेही नाही. तिसऱ्याच देशात. पुढच्या महिन्यात जातोय."

जातोय. वर्तमानकाळ. म्हणजे नक्की. होईलसाहेबांना भाषांतराची गरज पडली नाही. उंचोबानं आपल्या आईला सांगितलं, तेव्हा त्यांनाही पडली नसावी. दोघांनी टेबलाच्या दोन टोकांवरून एकमेकांकडे पाहिलं. इतका वेळ होईलसाहेब या बाईंना प्रतिस्पर्धी समजत होते, आणि बाई त्यांना. आता दोघांचीही केस एकाच कोर्टात, एकाच दिवशी, एकाच कलमाखाली निकालात निघाली होती.

"बाबा, बोला ना काहीतरी," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "रागावलात?"

'होईल सगळं नीट' हे शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. आयुष्यभर ज्याला त्याला वाटलेले. पण आपल्या लेकीला खिडकीवरचं उत्तर देणं त्यांच्या जिवावर आलं. "रागावलो नाही गं," ते म्हणाले. "वाईट वाटतंय. पण जा तुम्ही. कामं चांगली आहेत ना? मग जा." आणि उंचोबाकडे वळून, "तिथल्या घराची दारं उंच आहेत का, ते बघून घे आधी."

मुलीनं रडत हसत त्याला त्याचं भाषांतर करून सांगितलं.

ताटं तशीच होती. मग विहीणबाईंनी रुमालाची घडी करून ताटाशेजारी ठेवली, त्या उठल्या आणि होईलसाहेबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. एकेक शब्द सुटा करत, शाळेतल्या बाईंसारखं म्हणाल्या,

"झुलन वे... वान्डलन?"

होईलसाहेब दचकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"घाबरू नका, फिरायला जाऊ या का, म्हणताहेत," बायको म्हणाली, आणि पदर खोचत मुलीला हुकूम सोडला, "तुम्ही दोघं भांडी घासा. तिसऱ्या देशात काही मी येत नाही घासायला."

तिघं खाली उतरली. जिन्यात वकील होते. त्यांनी डोळ्यांनीच 'काही बोलून बसला नाहीत ना?' असं विचारलं. होईलसाहेबांनी मान दुसरीकडे वळवली. रस्त्यावर दुपारची सामसूम होती, बंद दुकानांच्या सावल्या फुटपाथवर पडल्या होत्या. विहीणबाई बोटानं वस्तू दाखवत डच शब्द सांगत होत्या, होईलसाहेब त्याला मराठी सांगत होते. झाड, सायकल, कुत्रा. भविष्यकाळाचा विषय कोणीच काढला नाही. कोपऱ्यावर एक बाक होतं, तिथपर्यंत जाऊन तिघं परत फिरली, मग पुन्हा गेली.

बायको मात्र सबंध वेळ मुद्दाम दोघांच्या मधून चालत होती.